अपुऱ्या दिवसांचीं मुलें

सातव्या महिन्यांत जन्मलेलें मूल जगतें, आठव्यांतलें मात्र जगत नाहीं, अशी समजूत महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लेखनांतही ती आढळते. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. गर्भाशयांत काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बालकाच्या जीविताची आशा वाढवितो. तथापि त्या समजुतीमागें एक खरी व्यथा होती. असें मूल कापसांत गुंडाळावें, शेगडीच्या उबेंत ठेवावें आणि तें हातीं लागतें कीं नाहीं याची वाट पाहावी, यापलीकडे घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना उपाय नव्हता.

१८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहांत स्तेफान तार्निए या वैद्यानें अशा बालकांसाठीं उबदार पेटी वापरण्यास आरंभ केला. पक्ष्यांचीं अंडीं उबविण्याच्या यंत्रावरून ती कल्पना त्याला सुचली होती. त्याचा सहकारी प्येर ब्युदँ यानें पुढें मातेचें दूध आणि मातेचा सहवास यांवर भर दिला. बालकें वांचूं लागलीं आणि कालांतरानें दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहिला: वांचलेल्या बालकाच्या बुद्धीचें काय?

सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीं झालेला जन्म अपुऱ्या दिवसांचा मानतात. गर्भाच्या मेंदूचा पृष्ठभाग सहाव्या महिन्यापर्यंत बराचसा गुळगुळीत असतो. त्यावरील बहुतेक वळ्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. पस्तिसाव्या आठवड्यांतील मेंदू वजनानें पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारें दोन-तृतीयांशच भरतो. म्हणजे उरलेली घडण अशा बालकाला गर्भाबाहेर, प्रकाशांत, गोंगाटांत आणि सुयांच्या वेदनेंत पुरी करावी लागते. फार लवकर जन्मलेल्या मुलाच्या मेंदूंतील रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात कीं, पहिल्या कांहीं दिवसांतच तेथें रक्तस्राव होऊं शकतो. रक्ताचा वा प्राणवायूचा पुरवठा कमी पडल्यास मेंदूंतील संदेशवाहक तंतूंना इजा पोंचते, आणि तिची खूण पुढें चालण्यांत, बोलण्यांत वा शिकण्यांत दिसते.

वाशी-पनवेलकडे जाणारा रस्ता मुंबईंत जेथून निघतो, त्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं मातेच्या दुधाला उपचाराचें स्थान दिलें. १९८९ सालीं तेथें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या बालकाला आईचें दूध मिळूं शकत नाहीं, त्याला दुसऱ्या मातेचें, जंतुरहित केलेलें दूध तेथून मिळूं लागलें.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्याच सुमारास निराळें कार्य चाललें होतें. १९८७ ते १९८९ या काळांत जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांची नोंद डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठेविली, आणि तीं मुलें अठरा वर्षांचीं होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बाराव्या वर्षीं त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेंतच होती. परंतु पुऱ्या वजनाच्या सोबत्यांपेक्षां ती कमी भरली. गणित, वाचन आणि हात व डोळे यांचा मेळ यांत कित्येकांना अडचण येई. अपुरे दिवस आणि त्या दिवसांच्या मानानेंही कमी वजन, असा दुहेरी तोटा ज्यांच्या वांट्याला आला, तीं मुलें सर्वांत मागें राहिलीं. आणखी एक गोष्ट लक्षांत आली. घरची स्थिति आणि मातेचें शिक्षण यांचाही मुलांच्या बुद्धीशीं निकटचा संबंध होता. म्हणजे जन्माच्या वेळीं झालेली हानि हा सारा निकाल नव्हे. घराचाही त्यांत हात असतो.

कोलंबियांतील बोगोता येथें १९७८ सालीं, पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, बालकाला आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची रीत सुरू झाली. तीच आज जगभर उत्तम उपचार म्हणून मान्य आहे. जुन्या आजीबाईंचें महिन्यांचें गणित चुकलें होतें. उबेविषयींची त्यांची जाण मात्र खरी होती.

म्हणून असें मूल घरीं आलें कीं काम संपलें, असें मानणें धोक्याचें आहे. फार लवकर जन्मलेल्या बालकाचे डोळे जन्मापासून महिन्याच्या आंत तपासले पाहिजेत. श्रवणाची परीक्षा व्हावी. मान धरणें, बसणें, बोलणें यांचें वय मोजतांना जितके दिवस अपुरे तितके वजा करावे. सोबत्यांच्या मागें पडलेल्या मुलाला आळशी अथवा मंद म्हणण्यापूर्वीं, त्याच्या मेंदूनें वाढीचे कित्येक आठवडे कोठें आणि कसे काढले, याचें स्मरण आईबापांनीं व शिक्षकांनीं ठेवावें.