मस्टर, टिपणी आणि मूठभर सिमेंट

सरकारी दप्तर कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण? आज त्याच्याच इतिहासाविषयी बोलू.

रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बायकांना मस्टर ठाऊक असतं. हजेरी आपली, अंगठा आपला; पण मस्टर साहेबांच्या कपाटात. राजस्थानातही असंच होतं. तिथे मजदूर किसान शक्ती संघटन १९९० मध्ये उभं राहिलं. मजुरी कमी का मिळाली, असं विचारलं की उत्तर यायचं, मस्टरवर कामच कमी लिहिलंय. मग मस्टर दाखवा म्हटलं, तर ते सरकारी, तुम्हाला कसं दाखवायचं?

२ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेले कागद लोकांसमोर मोठ्यानं वाचले गेले. अशा सुनावण्यांमध्ये कुठे मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघालेली, कुठे न झालेल्या कामाचं बिल. ज्याचं नाव लिहिलंय तोच समोर बसून सांगतोय, मी गेलोच नव्हतो! आमच्या मते त्या दिवसांत खरं दप्तर मंडपात बसलं होतं. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं, मागणी एकच, नकला द्या.

पुढे कायदे झाले. महाराष्ट्राचा २००२ चा, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झालेला माहितीचा अधिकार. त्यात दप्तर म्हणजे कागद, हस्तलिखित, फाइल, संगणकातला मजकूरही. इथे नवा वाद निघाला. फाइलच्या समासात किंवा वेगळ्या पानावर कारकून ते साहेब सगळे मत लिहितात, त्याला टिपणी म्हणतात. ‘मंजूर करावे’, ‘निधी नाही’, ‘पुन्हा सादर करा’. घरकुल कुणी, का अडवलं, ते तिथेच कळतं. दिल्लीच्या ज्या खात्याकडे हा कायदा होता, त्याचंच म्हणणं की टिपणी माहितीत येत नाही. जानेवारी २००६ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सांगितलं, येते. फाइलमध्ये टिपणी आलीच, ती वेगळी कशी काढणार? त्याच वर्षी सरकारनं कायदा बदलून टिपण्या वगळायचा विचार केला, देशभर विरोध झाला आणि तो बदल आलाच नाही.

तेव्हा अर्ज करताना नुसतं ‘आदेशाची प्रत’ लिहू नका, ‘टिपणीसह संपूर्ण फाइलची प्रत’ असं लिहा. आदेशात निकाल असतो, कारण बहुधा टिपणीत.

आणखी एक, जे पुष्कळ जणींना माहीत नसतं. या कायद्यात काम जाऊन पाहता येतं आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. म्हणजे गावातल्या रस्त्यात घातलेलं मूठभर सिमेंटसुद्धा मागता येतं. फाइलमध्ये काय लिहिलंय आणि रस्त्यात काय पडलंय, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.