घोड्याचं रक्त, परडाचं विष

यवतमाळच्या पऱ्हाटीत डवरणीच्या दिवसांत परड, म्हणजे घोणस, हमखास निघतो. तो चावला की दवाखान्यात सलाइनमधून जे औषध चढतं, ते मुळात घोड्याचं असतं.

मुंबईत परळला 1899 साली प्लेगच्या लशीसाठी प्रयोगशाळा उभी राहिली. 1925 साली तिला ही लस शोधणाऱ्या हाफकिन यांचं नाव मिळालं आणि पुढे तिथे सर्पविषावरचं औषधही तयार होऊ लागलं. पद्धत जुनीच, फ्रान्सच्या आल्बेर काल्मेटची: घोड्याला थोडं थोडं विष टोचत जायचं, त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं साठली की ती काढून घ्यायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच बाटली.

पण घोडा तो घोडाच, माणसाचं शरीर त्याची प्रथिनं परकीच मानतं. काहींना लगेच अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. म्हणून अ‍ॅड्रेनालिन भरलेली सिरिंज उशाशी हवीच. काहींना त्रास आठ-दहा दिवसांनी जाणवतो: ताप, खाज, सांधे धरणं. शेतकऱ्याला वाटतं, विष अजून उतरलं नाही. खरं तर त्याचीच प्रतिपिंडं घोड्याच्या प्रथिनांशी भिडलेली असतात. व्हिएन्नात पिर्के आणि शिक यांनी 1905 साली या दुखण्याला ‘सीरम आजार’ म्हटलं.

आता औषध बनवतानाच पेप्सिन या विकराने प्रतिपिंडाची शेपटी, म्हणजे विष पकडायला न लागणारा भाग, छाटतात. त्रास घटला, संपला नाही. आणि साप बैलाला चावला, तरी त्याच्याही शिरेत घोड्याचीच प्रतिपिंडं जातात.