मधुमती आणि शोएब : एका किनाऱ्याने ऐकलेली दोन नावे

वाढवणच्या किनाऱ्यावर कोणाशीही बोलायला बसले की विषय बंदराकडे वळतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे या बंदराची पायाभरणी झाली. केंद्र सरकारने त्यासाठी ७६ हजार २०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला आहे. येथील मच्छीमारांचा विरोध मात्र नव्वदच्या दशकापासूनचा आहे. या बोलण्यात ‘बाहेरचे लोक येतील’ हे वाक्य हमखास येते. बाहेरचे म्हणजे कोण, असे मी विचारतो. कोणी परप्रांतीय म्हणतो, कोणी मोठ्या कंपन्या म्हणतो. आणि अलीकडे कोणीतरी आवाज खाली आणून ‘त्यांचे’ म्हणतो. ‘ते’ म्हणजे मुसलमान, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा खाली आलेला आवाज ऐकला की मला वाढवणच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेली चिंचणी आठवते. १९५५ साली तेथे जमीन खणताना काही ताम्रपट मिळाले. पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. तेव्हा या मुलखावर राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे राज्य होते.

या ताम्रपटात ‘संयान मंडला’चा उल्लेख आहे. संयान म्हणजे आजचे संजाण. तलासरीच्या पलीकडे, आता गुजरातेत. त्या मंडलाचा कारभार दुसऱ्या कृष्ण राजाने एका अधिकाऱ्याकडे सोपवला होता. त्याचे नाव मधुमती. दुसरे नाव सुगतिप. बापाचे नाव सहियारहार. कूळ ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे महंमदाचे संस्कृत रूप आणि सहियारहार हे शहरियार या फारसी नावाचे, असे सरकारांनी दाखवून दिले. थोडक्यात, हजार वर्षांपूर्वी डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यावर राष्ट्रकूटांच्या वतीने महंमद नावाचा माणूस राज्य चालवत होता.

त्याने काय केले? शेजारच्या बंदरांचे नायक जिंकून तेथे आपली माणसे बसवली. दोन नद्यांवर लोकांसाठी मोफत तर ठेवली. संयानात अन्नछत्र घातले. तेथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने उभारलेल्या मठिकेला, तिथल्या देवीच्या नैवेद्यासाठी आणि मठातल्या लोकांच्या जेवणासाठी, राजाच्या संमतीने एक गाव व काही जमीन दान दिली.

पहिल्यांदा हे वाचताना मी ‘मुसलमान’ हा शब्द शोधत होतो. तो नाही. ‘हिंदू’ हा शब्दही नाही. लेखकाला हा माणूस वेगळा आहे हे कळत नव्हते असे मुळीच नाही. त्याने ताजिक हे कूळ स्पष्ट नोंदवले आहे. पण त्या वेगळेपणाची ओळख माणूस कुठला आणि कोणाचा मुलगा यावरून होते. पुढचे सगळे त्याच्या कामाबद्दल आहे.

याच ताजिक शब्दाचा दुसरा वापर पाहिला म्हणजे हा मुद्दा नीट समजतो. याआधी १८७ वर्षे, इ. स. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात, चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशीने ताजिकांच्या सैन्याचा पराभव केल्याचे गौरवाने सांगितले आहे. सिंध, कच्छ, सौराष्ट्र तुडवत आलेली ती फौज होती. नवसारी संजाणच्या उत्तरेला, याच किनारी प्रदेशात. म्हणजे एकाच प्रदेशात ताजिक शब्दाने एकदा शत्रू ओळखला गेला आणि एकदा राजाचा विश्वासू अधिकारी. शब्द तोच राहिला. भलाबुरा अर्थ मात्र कृतीवरून ठरला.

मधुमती एकटा अपवादही नव्हता. मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो: ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि येथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच प्रमुख नेमलेला होता. चिंचणीच्या दुसऱ्या एका ताम्रपटात, १०३४ च्या, संयानातल्या प्रमुख मंडळींमध्ये अल्लिय आणि मधुमत ही नावे स्थानिक श्रेष्ठींबरोबर येतात. गंमत अशी, की या लेखांत संयानातला एक जमिनीचा वादही नोंदलेला आहे. पण तो मठिका आणि भिल्लमालदेवाचे मंदिर यांच्यातला. शेवटी मंदिराने मठिकेला दर वर्षी ४० द्रम्म भाडे द्यावे, असे ठरले. देवळाचा तंटा देवळाशीच झाला होता.

येथे थांबून ‘पाहा, पूर्वी किती सलोखा होता’ असे म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. ताम्रपट हा दरबारी दस्तऐवज असतो. त्यात स्तुती असते, तक्रार नसते. मधुमतीने शेजारची बंदरे जिंकली ती गोड बोलून नव्हे. आणि अरबांचा व्यापार राष्ट्रकूटांना हवाच होता. त्यांच्या राजाइतका अरबांवर लोभ असलेला दुसरा राजा नाही, असे अरब लेखकांनी लिहून ठेवले ते उगाच नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की तेव्हा फरक दिसत होता, पण प्रत्येक कुलपाला तीच एक किल्ली लावून पाहिली जात नव्हती.

सोळाव्या शतकात येईपर्यंत शब्द बदललेले दिसतात. एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला तेव्हा दोन्ही बाजूंना नावे मिळाली होती. दोघे एकमेकांच्या देवाधर्मातली व्यंगे काढतात, कडाडून भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. फरक येथे धर्माचाच आहे, पण तो समोरासमोर, तोंडावर बोलला जातो. आवाज खाली आणून नव्हे.

मग एकोणिसाव्या शतकात आली शिरगणती. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लोकसंख्या धर्मवार मांडलेली आहे. एका माणसाला एकच रकाना, हा त्या कागदाचा नियम. हा नियम माणसांना किती जाचतो हे १९११ साली दिसले: मुंबई इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्यांना गुजरातेतल्या काही जमातींसाठी ‘हिंदू-मुसलमान’ असा जोडरकाना करावा लागला. वरिष्ठांना तो रुचला नाही. डहाणू-तलासरीत ज्यांची वस्ती सर्वांत दाट, त्या वारल्यांसारख्या आदिवासींचा रकाना तर दर काही दशकांनी बदलत राहिला. कधी हिंदू, कधी ‘ॲनिमिस्ट’. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि रकान्याला मताचे वजन आले. आपण ज्याला अनादी फरक समजतो, त्याची आजची धारदार कड या कागदांवर घासून तयार झालेली आहे.

आता अलीकडची गोष्ट. १६ एप्रिल २०२० ची रात्र, टाळेबंदीचे दिवस. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना ठार मारले. मुले पळवणारे, चोर फिरत असल्याच्या अफवा त्याआधी काही दिवस त्या भागात पसरल्या होत्या. घटनेची चित्रफीत दोन-तीन दिवसांत देशभर पोचली, आणि तिच्याबरोबर एक मजकूरही: गर्दीत कोणीतरी ‘मार शोएब’ म्हणतो आहे, नीट ऐका.

मी नीट ऐकले, आणि मला ‘शोएब’ ऐकू आले.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवे. ताजिक, मधुमती, सहियारहार यांच्यावर मी वर्षानुवर्षे टिपणे काढलेली. तरी मोबाइलवर अगोदर वाचलेले नावच माझ्या कानांनी ऐकले. एक दिवसभर मी ते खरे मानले. ती चित्रफीत मी कोणाला पाठवली नाही, पण घरी बोलून दाखवले. पुढे अनेकांनी तपासून सांगितले, की तो आवाज ‘ओये बस’ असा होता. कोणीतरी मारहाण थांबवायला सांगत होते. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी २२ एप्रिलला स्पष्ट केले, की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. मी पुन्हा ऐकले. आता मला ‘ओये बस’ ऐकू आले.

या किनाऱ्याने हजार वर्षांच्या अंतराने दोनदा नाव चुकीचे ऐकले. ९२६ साली ‘महंमद’ ऐकून लेखनिकाने ‘मधुमती’ लिहिले. परका ध्वनी आपल्या जिभेला सोसेल असा करून घेतला आणि पुढे त्या माणसाच्या कामाची नोंद केली. २०२० साली आपल्याच भाषेतल्या, ओळखीच्या दोन शब्दांतून आपण परके नाव तयार केले आणि त्या नावावर अख्खी घटना टांगली. त्या गोंगाटात अफवा कशी पसरली, तिला कोणी अडवले का नाही, तीन माणसांचे प्राण का वाचले नाहीत, हे प्रश्न मागे पडले. फरकाच्या समजुतीचे सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते: ती खरे प्रश्न विचारू देत नाही.

गेल्या वर्षी वाढवणला एका वयस्क मांगेला गृहस्थांना मी मधुमतीची गोष्ट सांगितली. जाळे दुरुस्त करता करता ते ऐकत होते. मोफत तरीचे ऐकून हसले. तो मुसलमान होता याचे त्यांना फारसे नवल वाटले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आणि सर, ते जे गाव देवीला देऊन टाकलं, त्या गावाला कोणी विचारलं होतं का?’’

ताम्रपटात याचे उत्तर नाही. दान देणारा आहे, घेणारा आहे, संमती देणारा राजा आहे. गावात राहणारे कोणी बोलत नाहीत. इतकी वर्षे तो लेख वाचताना मी दाता मुसलमान आणि देवी हिंदू एवढेच पाहत होतो. हा प्रश्न माझ्या टिपणवहीत कधी आलाच नव्हता. आता तो पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.