हेन्री कॉनिबेअर आणि कुलाब्याचे चर्च

श्रोतेहो, बहिणाबाईंच्या या असोद्यात कुलाब्याच्या साहेबी देवळाची कथा कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या देवळाच्या भिंतीवरच मिळते.

मुंबईकर ज्याला अफगाण चर्च म्हणतात, ते सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत १८४३ पर्यंत कामी आलेल्यांचे स्मारक होय. इंग्लंडहून आलेला पहिला आराखडा फार खर्चाचा ठरला, आणि काम मुंबईतच नोकरीस असलेल्या हेन्री कॉनिबेअर या तरुण इंजिनियराकडे आले. टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या, आभाळात शिरणारा मनोरा अशा मध्ययुगीन गॉथिक पद्धतीचे तेव्हा इंग्लंडात पुन्हा वेड लागले होते. तीच पद्धत कॉनिबेअरने येथे दगडात उतरविली. पाया १८४७ साली घातला, चर्च १८५८ साली उघडले. मनोऱ्याचे टोक पुरे व्हायला १८६५ साल उजाडले. त्यासाठी साडेसात हजार रुपये दिले ते कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थाने! आतील सजावट विल्यम बटरफील्ड या नामांकित चर्चशिल्पज्ञाने इंग्लंडात बसून आखली.

आमच्या मते मात्र कॉनिबेअरचे मोठे काम निराळेच. विहिरी-तळ्यांवर जगणाऱ्या मुंबईसाठी विहारचा तलाव योजला तो त्यानेच. काम १८५६ साली सुरू झाले, १८६० साली पुरे झाले. चर्चवाचून शहराचे अडले नसते.

आता ती भिंत. गाभाऱ्यात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. साधे शिपाई मात्र इतके पडले की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही, असे तेथील लेखच सांगतो. सोबत्याने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा आम्ही थबकलो. हजेरीपटावर नाव नाही म्हणून मजुरी बुडालेली माणसे आम्ही उभी हयात पाहिली आहेत. दगड घडविणारे पाथरवट तर त्या लेखातही नाहीत.

तुमच्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हते. मुलगा सोपानदेव व त्यांचा मावसभाऊ यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ साली छापून आली. विहारच्या बांधावर राबणाऱ्यांतही कुणी गाणारी असेल. तिचे टिपून घ्यायला कोण होते?

कुलाब्यास गेलात तर कमानी जरूर पाहा. पण आधी तो लेख वाचा.