मालवणचा राजकोट

मालवण शहराच्या हद्दीतच, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या खडकाळ उंचवट्यावर राजकोटाचे अवशेष आहेत. हा किल्ला एकटा पाहिला तर त्याचे प्रयोजन उलगडत नाही, कारण त्याचे अस्तित्वच समोरच्या सिंधुदुर्गाशी बांधलेले होते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि १६६७ पर्यंत हा जंजिरा, म्हणजे चहूकडून पाण्याने वेढलेला किल्ला, पुरा झाला. परंतु त्याला लागणारे धान्य, दारूगोळा आणि माणूसबळ किनाऱ्यावरूनच येत असल्यामुळे, किनारा शत्रूच्या हाती पडला तर भक्कम तटाआडचा गडही एकाकी पडला असता. म्हणून बेट आणि किनारा यांच्यामधील खडकावर पद्मगड, जेथे ओहोटीला चालत जाता येते, उत्तरेस कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट आणि शहराच्या अंगाला राजकोट, असे तीन उपदुर्ग, म्हणजे मुख्य गडाला पूरक असे छोटे कोट, राखले गेले.

हे चारही किल्ले मिळून एकच ठाणे होते, याचा लेखी पुरावा १८१२ च्या करवीरच्या तहात मिळतो: कोल्हापूरकरांनी मालवण बंदर इंग्रजांना दिले तेव्हा सिंधुदुर्गाबरोबर पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांचीही नावे घालण्यात आली. पुढे समुद्रावर इंग्रजांना प्रतिस्पर्धीच उरला नाही, कोटाची गरज संपली आणि डागडुजीवाचून राजकोट ढासळत जाऊन अखेर जेमतेम एक बुरूज ओळखता येण्याजोगा राहिला.

डिसेंबर २०२३ मध्ये येथे शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, नवी दगडी तटबंदी झाली. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी अधिक उंच पुतळा आला. या घडामोडींत राजकोटाचे नाव देशभर झाले, मात्र मूळ कोटाची चर्चा फारच थोडी झाली, ही खेदाची गोष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे. त्याचे तिन्ही सोबती नाहीत. पुतळा पाहण्यासाठी येणाऱ्या माणसाला जुने बांधकाम कोठे संपते, नवे कोठे सुरू होते आणि खडकांमधून बंदरात शिरणाऱ्या गलबतांवर या बुरुजावरून नजर का ठेवावी लागे, हे जागेवरच सांगणारा एक साधा फलक आणि जुन्या चिऱ्यांना हात न लावण्याची शिस्त, एवढे तरी येथे व्हायला हवे.