खलाशी, कैदी की स्वातंत्र्यसैनिक?

स्वातंत्र्यसैनिक कोण? आपण म्हणतो, जो लढला तो. सरकार म्हणतं, किती दिवस आत होतात ते सांगा, आणि कागद आणा.

केंद्राची पेन्शन योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. मुख्य अट, किमान सहा महिने तुरुंगवास. बायका आणि अनुसूचित जाती-जमातींना पुढे तीन महिन्यांची सवलत. शिक्षा झाली असेल तर कच्च्या कैदेचे दिवसही धरायचे.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाआधी रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी भरले जायचे ते मुख्यतः रत्नागिरीचे (तेव्हा सिंधुदुर्गही आपल्यातच होता) आणि पंजाबचे. त्यातही आपल्याकडचे बरेच कोकणी मुसलमान घरांतले. हे आज किती जणांना ठाऊक आहे?

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वर खलाशांनी संप केला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, आणि आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा ही मागणी. वल्लभभाईंनी शस्त्रं ठेवायला सांगितलं, २३ तारखेला ते शरण आले. सूड घेतला जाणार नाही, असं वाटलं होतं. घेतला. धरपकड झाली, कित्येकांना मुलुंडच्या छावणीत डांबलं आणि ४७६ जणांना नोकरीवरून काढलं.

पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला, पण त्यांना परत घेतलं नाही. ना भारताने, ना पाकिस्तानने!

कायद्याची गंमत बघा. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेला 'माजी सैनिक'च्या व्याख्येत बसत नाही. आणि छावणीत सहा महिने भरले नसतील तर कैदी म्हणूनही पेन्शन नाही. वाट उरते ती योजनेतल्या दुसऱ्या कलमाची: लढ्यापायी सरकारी नोकरी गेली. म्हणजे ज्या बडतर्फीने माजी सैनिकपण घालवलं, तोच कागद आता स्वातंत्र्यसैनिकपणाचा पुरावा! या उठावाला योजनेत मान्यता आहे, हे बरं झालं.

कागद हरवला असेल तर? २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अर्जांत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका. पण बीडमधलं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरणही कोर्टापर्यंत गेलंच. त्यामुळे कारकुनाचा संशयही अगदीच फुकटचा नाही.

कुणाच्या आजोबांचं नेव्हीतून काढल्याचं पत्र ट्रंकेत पडलं असेल, तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा. कोकणच्या पावसात कागद टिकत नाही.