ओनामा : घरातील अक्षरओळखीची परंपरा

कोणत्याही कार्यास प्रारंभ झाला की त्याचा ‘ओनामा’ झाला असे आपण म्हणतो. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचा अपभ्रंश होय. विद्यारंभी बालकाकडून तेच वचन धूळपाटीवर गिरवून घेत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, अक्षर काढावे, पुसावे व पुन्हा काढावे, असा तो क्रम. कागद महाग असलेल्या काळी ही युक्ती सर्वांस परवडणारी होती.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात दफ्तराचे लेखन मोडीत व पोथ्या बालबोधीत असत. होतकरू मुलास दोन्ही वळणे साधावी लागत. १८४६ साली स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा काढली. १८५४ साली राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाल्यावर सरकारी शिक्षणाचा विस्तार होत गेला.

परंतु शाळेचे दार सर्वांस उघडे नव्हते. अनेक जातींस व बहुतेक स्त्रियांस ते बंदच होते. तेथे घराने शाळेचे काम केले. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना घरीच अक्षरओळख करून दिली व १८४८ साली त्या पुण्यात शिक्षिका झाल्या. १८७३ साली विवाह होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे यांनी घरीच शिकविले. त्याच रमाबाईंच्या आठवणींचा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला.

आपल्या लिपीचे एक मोठे सौकर्य असे की, अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार. इंग्रजीत ‘सी’ या नावाच्या अक्षराचा उच्चार कधी ‘क’, तर कधी ‘स’ होतो. तथापि मराठीतही सावधगिरी हवी. ‘चिमणी’ व ‘चमचा’ यांतील ‘च’ निराळे. ‘जन्म’ व ‘जहाज’ यांतील ‘ज’ही निराळे. क, म, ळ ही अक्षरे सुटी म्हणताना प्रत्येकात ‘अ’ असतो, पण ‘कमळ’ म्हणताना अखेरचा ‘अ’ लोपतो. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ती बोली अशुद्ध नव्हे. मात्र लिहिताना ‘ळ’ कोठे येतो, हे मुलास प्रेमाने सांगावे. बोलीस हसले की मूल मुके होते.

आज आपल्या समाजातील पुष्कळ मुले इंग्रजी शाळांत जातात. त्यांच्या मराठी अक्षरांचा भार आता घरावरच आहे. ज्ञातिबांधवांनी व विशेषतः मातांनी रोज पाव घटकाच मुलास जवळ घ्यावे, अक्षर दाखवावे व त्या ध्वनीचे घरातील शब्द त्याच्याकडूनच वदवून घ्यावेत. ज्या विद्येसाठी आपल्या पूर्वजांना दारे ठोठवावी लागली, ती आपल्याच उंबरठ्याआत हरवू नये, हीच प्रार्थना.